वहिनींना घेऊन या

आमच्या साहेबांच्या केबिनला दार नव्हतं. बँकेनं दिलं होतं हो, चांगलं सागवानी, पितळी मुठीचं. साहेब मॅनेजर म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलावून त्यांनी ते उतरवलं, खाली चार पाय ठोकून घेतले आणि टेबल म्हणून हॉलमध्ये मांडलं. लोकांना उभ्या उभ्या स्लिपा भरायला त्रास होतो म्हणे. मूठ तशीच ठेवली, तिला लोक पिशव्या अडकवायचे. हेड ऑफिसचा एक माणूस तपासणीला आला. सगळीकडे बघून झाल्यावर त्यानं विचारलं, "केबिनचं दार कुठंय?"

साहेब म्हणाले, "तुमचा चहा त्याच्यावरच ठेवलाय."

मी त्या शाखेत कॅशियर होते. बँक म्हणजे पनवेलची लहानशी सहकारी बँक, घाट चढून वर गेलात तर तिचं नाव कुणाला माहीत नसायचं. शाखा उरण नाक्याकडे, मच्छीबाजाराच्या शेजारी. दोन हजार सालानंतरचा काळ. साहेब त्या शाखेत मॅनेजर म्हणून आले आणि मॅनेजर म्हणूनच राहिले. वरच्या जागेसाठी हेड ऑफिसची पत्रं यायची. साहेब उलट टपाली कळवायचे, "येथे काम आहे." बाकीचे मॅनेजर बढतीपायी चेअरमनच्या घरी सत्यनारायणाला केळीचे खांब बांधायला जात. आमच्या ह्या महाराजांना बढती घरपोच येत होती आणि हे ती परत पाठवत होते. तेव्हा मला वाटायचं, काय हा माणूस! आज मी कुणालाही छातीठोकपणे सांगते की मी त्यांच्या हाताखाली काम केलं. बाकी आयुष्यात मी काय केलं ते विचारू नका, पण हे केलं.

दिसायला तसे काही विशेष नव्हते. किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायात चपला. स्कूटर होती, पण ती ते बहुतेक वेळा ढकलतच आणायचे, कारण पेट्रोल भरायचं विसरायचे. आवाज मात्र असा खणखणीत, की केबिनमध्ये बोलले तरी बाहेर चणेवाल्याला ऐकू जावं. आणि वर केबिनला दार नाही! त्यामुळे आमच्या बँकेत गुप्त असं काही राहायचंच नाही.

मच्छीबाजारातल्या बायका विक्री आटोपली की आमच्याकडे भरणा करायला यायच्या. पदराच्या गाठीतून, कमरेच्या पिशवीतून नोटा निघायच्या त्या ओल्याचिंब आणि कोळंबीच्या वासाच्या. मी पहिल्यांदा नाक मुरडलं. साहेबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरून दोरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आले आणि माझ्या काउंटरच्या मागे पंख्याखाली दोरी बांधली. म्हणाले, "बाई, नोट ओली आहे, खोटी नाही." मग काय, मी रोज दुपारी नोटा वाळत घालत असे. घरी गेले की माझी मुलं म्हणायची, आई, तू बँकेत आहेस की बाजारात बसतेस? तेव्हा चिडायचे. पण त्या बायका दुसऱ्या बँकेच्या पायरीवर कधी चढल्या नाहीत, हेही खरं.

आता साहेबांचं सगळ्यात मोठं खूळ सांगते. कर्ज मागायला कुणी आला की कागदपत्रं राहायची बाजूला. साहेब म्हणायचे, "मी तुमच्या घरी येतो." माणसाला वाटायचं, घराची किंमत करायला येत असतील. साहेब चपला काढायचे आणि पाहुण्यांच्या खोलीत न थांबता तडक स्वयंपाकघरात! तिथं पाट घेऊन बसायचे. फळीवरचे डबे बघायचे, पिंपात पाणी किती आहे ते बघायचे, घरच्या बाईशी डाळीच्या भावाबद्दल बोलायचे. काही दिलं तर खायचे. स्वतःच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नसे, पण कोळीवाड्यात बसून ह्यांनी सुकट-भाकरी खाल्ली आहे. ते घरी कळू नये म्हणून परत येताना तोंडात बडीशेप. त्यांच्या मिसेस मला एकदा म्हणाल्या, "ह्यांना गावच्या चुली दिसतात हो, घरातला गॅस संपलेला दिसत नाही. आणि बडीशेपेचं मला कळत नाही, असं त्यांना वाटतं."

नव्या पनवेलात एकाचा मोठा बंगला होता. दारात गाडी, जमिनीला संगमरवर. धंद्यासाठी त्याला भलंमोठं कर्ज हवं होतं आणि कागद चोख होते. साहेब स्वयंपाकघरात जाऊन आले आणि म्हणाले, "नाही देणार." मी म्हटलं, अहो साहेब, का? तर म्हणाले, "फ्रीजमध्ये नुसत्या थंड पेयाच्या बाटल्या. मिठाच्या बरणीत मिठाचा दगड झालाय. बाई माहेरी जाऊन महिने झालेत त्या घरातून." तो माणूस आम्हाला शिव्या देत दुसऱ्या बँकेत गेला. तिथं त्याला कर्ज मिळालं आणि पुढे त्या बँकेची माणसं त्याला शोधत आमच्याकडे चौकशीला आली. उलट कोन गावच्या एका रिक्षावाल्याकडे दाखवायला धड एक कागद नव्हता. साहेबांनी त्याच्या घरचे घासलेले डबे पाहिले आणि तिथल्या तिथे हो म्हणून आले. त्याचा हप्ता कधी चुकला नाही. मी काही दर वेळी असंच झालं म्हणत नाही, फसलेसुद्धा साहेब. एकीनं शेजारणीचे डबे आणून फळी सजवली होती! पण तेवढी फसवणूक करायला ती राबली ना, म्हणून ते तिच्यावर रागावलेसुद्धा नाहीत.

मग आजूबाजूच्या गावांतल्या जमिनी जायला लागल्या. रस्ते, कारखाने, गोदामं, काय काय येणार होतं. जमिनीचा मोबदला म्हणून लोकांच्या हातात चेक आले. ज्यानं आयुष्यात कधी भाताच्या पोत्यांपलीकडे काही मोजलं नव्हतं, त्याच्या हातातल्या चेकवर शून्यं मावत नव्हती. गावागावांत मोठाल्या पांढऱ्या गाड्या आल्या. हळदीला वाद्यवृंद आणि चौकाचौकात नवरदेवाच्या फोटोचे फलक. एकानं पाच गावं जेवू घातली की दुसरा सात गावांना आवतण द्यायचा. सगळ्या बँका ह्या लोकांच्या मागे हात जोडून धावत होत्या, खातं आमच्याकडे उघडा म्हणून. आणि आमचे साहेब?

गळ्यात सोन्याची साखळी घातलेला माणूस यायचा, चेक टेबलावर ठेवायचा. साहेब विचारायचे, "वहिनी कुठे आहेत?"

"घरी हाय. तिचा काय काम?"

"फॉर्म संपलेत," साहेब म्हणायचे. "उद्या येतील. वहिनींना घेऊन या."

फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या समोर असायचा! माणूस त्या गठ्ठ्याकडे बघायचा, साहेबांकडे बघायचा. साहेब शांतपणे गठ्ठ्यावर आपला जेवणाचा डबा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बायको आली की तिच्यासाठी खुर्ची, चहा, आणि मग साहेब दोघांना समजावून सांगायचे की खातं दोघांच्या नावावर उघडू आणि पैसे काढताना दोघांची सही लागेल. एकट्याच्या सहीवर दमडी मिळणार नाही. नवरा कुरकुरायचा. साहेब म्हणायचे, "जमीन कसताना चिखलात दोघं होतात ना? मग?" हा बँकेचा नियम नव्हता बरं का. साहेबांचा होता. नको असेल त्यानं दुसरीकडे जावं. काही गेले. बरेचसे थांबले, कारण घरच्या बाईनं साहेबांना आपल्या चुलीपाशी बसलेलं बघितलं होतं आणि तिनंच थांबवलं.

एकजण तर बायको म्हणून भावजयीला घेऊन आला. बायको राजी नव्हती, म्हणून ही युक्ती. भावजय बिचारी डोक्यावर पदर ओढून बसली. साहेबांनी तिला चहा दिला आणि सहज विचारलं, "वहिनी, ह्यांना जेवायला काय आवडतं?" ती म्हणाली, "सुकटीचा कालवन." साहेब त्या माणसाकडे वळून म्हणाले, "काय हो, मी तुमच्याकडे जेवलो तेव्हा सुकट खाल्ली की तुमच्या अंगाला खाज सुटते असं सांगत होतात ना?" भावजय पदरातच खुदकन हसली. हॉलमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या मासेवाल्या बायकांनी त्याची अशी काही टिंगल केली, की तो त्या दिवशी मागच्या बाजूनं बाहेर पडला.

मी एकदा साहेबांना विचारलं होतं, हे बायकांचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून? संध्याकाळी त्या दाराच्या टेबलावर बसून मी हिशेब लावत होते. ते म्हणाले, "आमचं घर वडिलांनी विकलं, बाई. आई पोळ्या करत होती. अनोळखी माणूस टेप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि भिंत मोजायला लागला. तिनं तवा उतरवला आणि विचारलं, काय पाहिजे तुम्हाला? तेव्हा तिला कळलं." एवढं बोलून ते उठले आणि स्कूटर ढकलत गेले. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

आता मुख्य गोष्ट.

कोनच्या पलीकडच्या एका गावात एक धवलारीण होती. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद लागते ती तिच्या धवल्यावर, म्हणजे लग्नाच्या गाण्यावर, मांडवात देवाला, पितरांना बोलावणं जातं ते तिच्या गाण्यातून. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अख्खं लग्न तोंडपाठ. मी तिला मावशी म्हणायचे, साहेबही मावशीच म्हणायचे. तिच्या नवऱ्याला सगळा गाव नाना म्हणायचा. त्यांची सगळी शेती गेली होती आणि मोबदला आमच्याकडे मुदत ठेवीत होता. नानाची सही आणि मावशीचा अंगठा.

मुलाचं लग्न ठरलं. शेजारच्या घरात हळदीला नुकताच मोठा थाट झाला होता. नानाला त्याच्यापेक्षा मोठा करायचा होता. वाद्यवृंद, फलक, सात गावांचं जेवण आणि नवरदेवाला गाडी. त्यासाठी ठेव मोडायची. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. तळोज्याला कारखान्यात काम करणाऱ्यांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या. तिला गावाजवळ थोडी जागा घेऊन खोल्यांची चाळ बांधायची होती. ती साहेबांना म्हणाली होती, "जमीन गेली. आता पैसं पन नाचान उडवलं तं आमी उभं कशावर ऱ्हावाचं, साएब? उद्या भाडा येल, त्यान पोरांचा पोट तरी भरंल."

घरात रोज भांडण. नानाचं एकच, "जमीन माज्या बापाची, पैसा माजा, आन अंगठा बायकोचा? ह्यो कंचा कायदा?" आणि मावशीचंही एकच, "मी अंगठा नाय देवाची."

नाना सरळ आमच्या चेअरमनकडे गेला. चेअरमन बिल्डर माणूस, संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर आलेली, आणि नानाच्या शब्दावर चालणारी घरं गावात पुष्कळ. चेअरमन नानाला गाडीत घालून आमच्या शाखेत आले. शनिवार होता आणि हॉल भरलेला. ते केबिनमध्ये शिरले, नानाला बसवलं आणि म्हणाले, "दार लावा."

साहेब म्हणाले, "दार नाही."

चेअरमननं इकडं तिकडं पाहिलं, आवाज खाली घेतला. पण आमचे कान तयार होते. "हे बघा साहेब, घरातला मामला आहे. लग्नकार्य आहे. ठेव मोकळी करा."

"मावशींचा अंगठा लागेल."

"अहो, अंगठाच ना? अंगठ्यावर काय नाव लिहिलेलं असतं? घरातल्या कुणाचाही घ्या. साक्षीदार म्हणून तुमच्या कॅशियरबाई सही करतील."

माझ्या हातातल्या नोटा हातातच राहिल्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. नोकरी माझीही होती. पण माझ्यावर वेळ आलीच नाही. साहेबांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. त्यावर काहीतरी लिहिलं. मग शाईचं पॅड उघडलं, आपला अंगठा त्यात दाबला आणि कागदावर उठवला. कागद चेअरमनपुढे सरकवला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हा माझा राजीनामा."

हॉलमधली रांग केबिनकडे सरकली.

चेअरमन म्हणाले, "हा काय पोरखेळ? एम. कॉम. झालेला माणूस तुम्ही. सही करा."

"सही कशाला? ह्या बँकेत आता अंगठा कुणाचाही चालणार आहे ना? मग हा तरी माझाच कशावरून? तुमचाही असेल. नानांचाही असेल. बोर्डापुढे ठेवा आणि तुम्हीच सांगा त्यांना, की मॅनेजरनं सही सोडून अंगठा का दिला."

अहो, ह्या माणसाच्या घरी मुलगी इंजिनिअरिंगला होती! आमच्या बँकेत पेन्शन नाही, फ्लॅटचे हप्ते चालू. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. आणि हे गृहस्थ अंगठ्याला लागलेली शाई फडक्यानं पुसत बसले होते, जसं काही दुपारचं जेवण झालंय आणि हात धुतायत. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला, की मी काउंटर सोडून बाहेर आले आणि टेबलाची मूठ धरून उभी राहिले. का, ते मलाही सांगता येणार नाही. रांगेतली एक मासेवाली मोठ्यानं म्हणाली, "साएब, तुजा अंगठा कामी नाय आला तं आमचं सगल्यांचं घे. आमी बी लावताव." मग तर हसण्याचा आणि टाळ्यांचा असा गदारोळ झाला, की चेअरमन कागद खिशात कोंबून निघाले. नाना मान खाली घालून त्यांच्या मागे.

चेअरमनची गाडी घरी पोचायच्या आधी बातमी मच्छीबाजारातून गावात पोचली असणार. कारण सोमवारी बँक उघडते न उघडते तोच मावशी पायरीवर. आत येऊन साहेबांपुढे उभी राहिली.

"साएब, माज्या अंगठ्यापायी तू नोकरी टाकलीस?"

"टाकली नाही मावशी, टांगून ठेवलीय. बघू काय होतं. तुम्ही पक्क्या आहात ना?"

"पक्की हाय. पन घरान माज्याशी कोन बोलत नाय. धनी बोलतान, पोराच्या हलदीला दुसरी धवलारीन आनंन. तुला मांडवान उभी नाय करनार." आणि इतका वेळ खंबीर असलेली ती बाई त्या दाराच्या टेबलावर डोकं टेकून रडली. गावातल्या प्रत्येक घरच्या पोराला तिनं हळद लावली होती, आणि स्वतःच्या पोराच्या हळदीला तिला बाहेर ठेवणार होते. साहेबांनी तिला पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, तुम्हाला अंगठा द्यावासा वाटला तर द्या, मी आत्ता ठेव मोडून देतो. माझ्या नोकरीकडे बघू नका. पण तुमचा तुम्ही द्यायचा. घाबरून नाही."

मावशीनं डोळे पुसले. अंगठा मुठीत धरला, असा आत घालून, आणि चालू लागली.

नानानं खरंच दुसऱ्या धवलारणींकडे खेपा घातल्या. एका गावची म्हणाली, तिच्या पोराची हलद तिच्याबिगर? मी नाय येवाची. दुसरीनं तर दारातूनच परत पाठवलं. पैसे वाढवून देतो म्हणाला, तरी एकही तयार होईना. ते काम दुसरीचं ओरबाडून कुणी घेत नाही, तशी रीतच नाही त्यांच्यात. शेवटी लग्न तोंडावर आल्यावर नानाला आपल्याच बायकोसमोर बसून म्हणावं लागलं, "हलदीला तूच उभी ऱ्हा." ती म्हणाली, "मी तं उभीच हाय. तूच गेलतास."

हळद अंगणात झाली. वाद्यवृंद नाही, फलक नाहीत. साहेब गेले होते, मलाही नेलं. नाना दारात होता, त्यानं तोंड फिरवलं. साहेब त्याच्या बाजूनं आत गेले, नेहमीप्रमाणे तडक स्वयंपाकघरात, पाट घेऊन बसले आणि तांदळाची भाकरी मागून खाल्ली. निघताना नानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, शिव्या द्यायच्या असतील तर बँकेत या. मी सकाळपासून असतो." आणि नाना खरोखर आला हो! तासभर शिव्या दिल्या त्यानं, त्या दाराच्या टेबलावर मुठी आपटत. साहेबांनी सगळ्या ऐकून घेतल्या, मध्ये एकदा चहा मागवला. शेवटी नानाच दमून म्हणाला, "बरं, ती चाल का काय बोलते ती, तिला खर्च किती येल?"

चाळ झाली. ठेव मोडली ती चाळीसाठी, नानाची सही आणि मावशीचा खराखुरा अंगठा लावून. साक्षीदार म्हणून सही माझी. ती मी जरा मोठीच केली. पुढे नाना त्या चाळीसमोर खुर्ची टाकून किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माजीच आयडिया." मावशी ऐकायची आणि भाड्याचे पैसे कनवटीला लावायची.

अंगठ्याचा राजीनामा चेअरमननी कधी बोर्डापुढे ठेवला नाही. ठेवणार कसा? पण निवडणूक झाल्यावर त्यांनी उट्टं काढलंच. साहेबांची बदली हेड ऑफिसला, स्टेशनरी विभागात. छापील कागद, पावती पुस्तकं, खाती उघडायचे फॉर्म. ज्या माणसानं वर्षानुवर्षं "फॉर्म संपलेत" म्हणून सांगितलं, त्याला फॉर्मांच्या राशीत नेऊन बसवलं! मी संतापून भेटायला गेले. बघते तर ह्यांनी तिथल्याही खोलीचं दार काढलेलं. मला म्हणाले, "बरं झालं आलात. हा गठ्ठा शाखेत घेऊन जा. बाई, 'संपलेत' म्हणायला आधी असावे लागतात." मी रडायच्या तयारीनं गेले होते, हसत परत आले. तिथूनच ते निवृत्त झाले. समारंभात चेअरमननी नारळ दिला, साहेबांनी तो जागच्या जागी फोडून सगळ्यांना वाटला.

आणि मग काही वर्षांनी ते गेले. सकाळी दूध आणायला निघाले होते, स्कूटर ढकलत. फार काही सांगवत नाही मला त्याबद्दल.

त्यानंतरच्या वर्षी मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. नाना स्वतः आमंत्रण द्यायला आला, चाळीच्या भाड्यावर लग्न करतोय म्हणून ऐटीत सांगून गेला. मी दुपारीच पोचले. मांडवात मावशी उभी राहिली. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच. ती एकेकाला आवतण द्यायला लागली. गावदेवी, खाडीचा देव, वेशीवरचा देव. मग घरची गेलेली माणसं, सासरे, सासू, दीर. बायका मागून सूर धरत होत्या. मी शेजारणीशी काहीतरी बोलत होते, आणि कानावर आलं,

"आवतान देतंय गो पनवेलच्या साएबाला,
मांडवी येवाला, गो मांडवी येवाला..."

मी वळून मावशीकडे बघितलं. मागच्या बायकांनी तो सूर असा सहज उचलला, की मला कळलं, हे त्या आज पहिल्यांदा म्हणत नाहीत. गावात जेवढी लग्नं झाली असतील, त्या प्रत्येक मांडवात आमच्या साहेबांना बोलावणं गेलं होतं, आणि पनवेलात आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. अहो, किती बँका आल्या नि गेल्या, किती चेअरमन झाले. कुणाचं नाव येतं का धवल्यात? मला तिथंच हुंदका फुटला आणि मी तो लपवलाही नाही.

गाणं संपलं तशी मी मावशीला धरलं. म्हटलं, "मावशी, साहेबांना तुम्ही देवांच्या ओळीत बसवलंत?"

"देवांच्या नाय गो बाय," ती म्हणाली. "घरच्यांच्या."

मग आवतण दिलेल्या पितरांची पानं मांडवात मांडली. एक पान राहिलं. तांदळाची भाकरी, भाजी, गोडाचं. मावशी ते उचलून घरात निघाली. मी विचारलं, हे कुठे? ती म्हणाली, "त्यो मांडवान नाय बसाचा. त्यो सरल चुलीपाशी जाईल."

तेवढ्यात गुडघे धरत नाना खुर्चीतून उठला. "थांब गो," म्हणाला, आणि येऊन पानाची दुसरी बाजू धरली. "एकटी नेलीस तं साएब बोलंल, फारम संपलं."

आणि त्या दोघांनी मिळून ते पान आत चुलीपाशी नेऊन ठेवलं.